सगळेच याजक, तर मग पाळक कशासाठी?

पुण्यातल्या एका घरगुती प्रार्थनासभेतून हा प्रश्न आला आहे. चौदा-पंधरा माणसं दर बुधवारी जमतात. पाळकांकडे पाच मंडळ्या, त्यामुळे ते दोन महिन्यांतून एकदा येतात आणि प्रभुभोजनही, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला वाटून घेण्याचा विधी, तेव्हाच होतं. विचारणाऱ्या तरुणाचं म्हणणं थोडक्यात असं: पेत्राच्या पहिल्या पत्रात सगळ्या विश्वासणाऱ्यांना ‘राजकीय याजकगण’ म्हटलं आहे, मग भाकर मोडायला दीक्षित माणसाची, म्हणजे मंडळीने हात ठेवून पाळक नेमलेल्याची, वाट का पाहायची? वसईचा एक कॅथलिक मित्र म्हणतो की तुमच्या पाळकांनी दिलेलं प्रभुभोजनसुद्धा पूर्ण साक्रामेंत म्हणजे पवित्र संस्कार नाही, त्याला काय सांगायचं? आणि त्यांच्यातल्या एक निवृत्त नर्स आजाऱ्यांच्या घरी जाऊन प्रार्थना करतात, तरी घरचे म्हणतात, “पाळकसाहेबांनी केलेली प्रार्थना वेगळी.” ती खरंच वेगळी असते का?

मी 34 वर्षं दीक्षित सेवक म्हणून काम केलं, त्यातली बरीचशी नगर जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या मंडळ्यांत. माझं उत्तर आधीच सांगतो. याजकपण सगळ्या विश्वासणाऱ्यांचं आहे, त्यात काही उणंअधिक नाही. तरीही प्रभुभोजनासाठी पाळकाची वाट पाहा असंच मी म्हणेन. पाळकाच्या हातात तुमच्यापेक्षा जास्तीचं काही सामर्थ्य आहे म्हणून मात्र नव्हे. कारण दुसरं आहे, आणि ते नीट कळलं नाही तर वाट पाहणंही चुकीचं ठरेल.

मराठी बायबल वाचणाऱ्याला इथे एक मोठी सोय आहे. नव्या करारात ग्रीकमध्ये दोन वेगळे शब्द येतात. ‘हिएरेउस’ म्हणजे वेदीवर अर्पण करणारा आणि ‘प्रेस्बिटेरॉस’ म्हणजे वयाने किंवा मानाने वडील. इंग्रजीतला ‘प्रीस्ट’ हा शब्द निघाला दुसऱ्यातून, पण वापरला जातो पहिल्यासाठीही. आपल्या भाषांतरात मात्र ‘याजक’ आणि ‘वडील’ असे दोन सरळ शब्द आहेत. आता नवा करार उघडा आणि ‘याजक’ कोणाला म्हटलंय ते बघत जा. मंदिरातले यहुदी याजक सापडतील, मल्कीसदेक सापडेल, इब्री लोकांस पत्रात ख्रिस्त स्वतः महायाजक म्हणून सापडेल, आणि पेत्राच्या पत्रात व प्रकटीकरणात सगळे विश्वासणारे सापडतील. मंडळीचा पुढारी आहे म्हणून कोणाला ‘याजक’ म्हटलंय, असं एकही ठिकाण सापडणार नाही. पौल रोमकरांस पत्राच्या पंधराव्या अध्यायात याजकाच्या सेवेची भाषा स्वतःसाठी वापरतो, पण तिथे त्याचं अर्पण म्हणजे परराष्ट्रीयांमध्ये सुवार्ता सांगणं.

पुढाऱ्यांसाठी शब्द आहेत ते वडील, अध्यक्ष, सेवक. तेही सुरुवातीला एकावर एक रचलेले नव्हते. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 20 पाहा. सतराव्या वचनात पौल इफिसच्या ‘वडिलांना’ बोलावतो आणि अठ्ठाविसाव्या वचनात त्याच माणसांना ‘अध्यक्ष’ म्हणतो. बिशप म्हणजे तोच ‘अध्यक्ष’.

आणखी एक गोष्ट मला सेमिनरीत कळली तेव्हा मी बराच वेळ तिच्यापाशी थांबलो होतो. ‘क्लर्जी’ म्हणजे पाळकवर्ग, हा शब्द ज्या ग्रीक ‘क्लेरॉस’वरून आला त्याचा अर्थ वाटा, वतन. पेत्र पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात वडिलांना बजावतो की तुमच्याकडे सोपवलेल्यांवर धनीपण करू नका. तिथे ‘सोपवलेले’ यासाठी त्याने हाच शब्द घातला आहे. म्हणजे पेत्राच्या लेखी ‘क्लेरॉस’ हा कळप आहे, मेंढपाळ नव्हे. आणि ‘लेइटी’ म्हणजे सामान्य सभासद, हा शब्द ज्यावरून आला तो ‘लाओस’ म्हणजे प्रजा, देवाची प्रजा. तिच्यात पाळकही आलेच.

पण एवढं सांगून थांबलो तर मी तुम्हाला अर्धंच सांगितलं असं होईल. ‘याजकगण, पवित्र राष्ट्र’ ही भाषा पेत्राने निर्गमाच्या एकोणिसाव्या अध्यायातून घेतली. सीनाय पर्वताशी देव सगळ्या इस्राएलाला सांगतो की तुम्ही मला याजकराज्य व्हाल. आणि त्याच पुस्तकात, अवघ्या नऊ अध्यायांनंतर, अहरोन आणि त्याच्या मुलांना याजकपदासाठी वेगळं काढलं जातं. एक आलं म्हणून दुसरं रद्द होत नाही. पुढे गणनाच्या सोळाव्या अध्यायात कोरह उभा राहून मोशे-अहरोनाला विचारतो: सगळी मंडळी पवित्र आहे, मग तुम्ही स्वतःला तिच्यावर का चढवता? तुमचा प्रश्न जवळजवळ याच शब्दांत तिथे आहे. कोरहाचं विधान खोटं नव्हतं, मंडळी पवित्र होतीच. त्याला पाहिजे होतं ते अहरोनाचं पद, आणि ते मागताना त्याने पुढे केलं सगळ्यांचं नाव. प्रत्येक विचारणारा कोरह असतो असं मी म्हणत नाही. आपण विचारतोय ते नेमकं कशासाठी, हे त्या अध्यायापाशी बसून स्वतःला विचारावं एवढंच.

पहिल्या दोन शतकांत काय झालं ते थोडक्यात. इ.स. 96 च्या सुमारास रोमहून करिंथला गेलेल्या क्लेमेंटच्या पत्रात ‘लाइकॉस’ म्हणजे सामान्य सभासद हा शब्द ख्रिस्ती लिखाणात पहिल्यांदा दिसतो. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस बजावतो की बिशपाखेरीज किंवा त्याने नेमलेल्या माणसाखेरीज प्रभुभोजन करू नका. त्याला भीती होती ती फाटाफुटीची: एका गावात दोन मेजं मांडली जातील, एका घरातल्यांना दुसऱ्या घरात जागा उरणार नाही. तिसऱ्या शतकात कार्थेजचा सिप्रियन बिशपाला सरसकट याजक म्हणू लागतो. त्याच्याच शहरात थोडा आधी तर्तुल्लियन विचारून गेला होता की आपण सामान्य जनही याजक नाही का? तीन माणसं असली, ती सामान्य जन असली, तरी तिथे मंडळी आहे, असं तो लिहितो. म्हणजे हा वाद जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने सुरू केलेला नाही. 1215 साली चौथ्या लॅटरन परिषदेने रीतसर दीक्षा झालेल्या याजकाखेरीज कोणीही प्रभुभोजनाचा संस्कार सिद्ध करू शकत नाही असं ठरवलं, आणि पश्चिमेकडे दार बंद झालं.

ल्यूथरने ते 1520 मध्ये उघडलं. जर्मन सरदारांना उद्देशून लिहिलेल्या पत्रकात तो म्हणतो की बाप्तिस्म्याच्या पाण्यातून जो बाहेर आला त्याची याजक, बिशप आणि पोप म्हणून दीक्षा झालेलीच आहे. हे वाक्य उत्साहाने सांगितलं जातं. त्याला लागूनच तो म्हणतो की म्हणून ते काम प्रत्येकाने करत सुटावं हे शोभत नाही. हे सहसा कोणी सांगत नाही. सगळ्यांचा समान हक्क आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने बाकीच्यांच्या संमतीवाचून एकाने तो हक्क एकट्याने वापरू नये, असा त्याचा युक्तिवाद आहे. दहा भाऊ, सगळे राजाचे मुलगे, सगळे वारस. ते आपल्यातल्या एकाला कारभारासाठी निवडतात. निवडलेला भाऊ इतरांपेक्षा जास्त राजपुत्र होत नाही.

त्याच पत्रकात त्याने एक कल्पना मांडली आहे. काही ख्रिस्ती माणसांना कैद करून वाळवंटात नेऊन सोडलं, त्यांच्यात दीक्षित कोणीच नाही. त्यांनी आपल्यातला एक निवडून त्याच्यावर बाप्तिस्मा देण्याचं, प्रभुभोजनाचं, उपदेशाचं काम सोपवलं, तर तो खरा याजक ठरेल, जगातल्या सगळ्या बिशपांनी त्याला दीक्षा दिल्यासारखा. ल्यूथरसाठी हे कल्पनेतलं वाळवंट होतं. आशियात ते तीन ठिकाणी खरोखर घडलं, आणि ते तीन इतिहास वाचल्यापासून या प्रश्नाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली.

पहिला जपान. 1614 मध्ये तिथे ख्रिस्ती धर्मावर बंदी आली, छळ झाला, आणि 1640 च्या दशकापर्यंत देशात एकही कॅथलिक धर्मगुरू उरला नाही. नागासाकीच्या आसपासच्या खेड्यांतले कोळी आणि शेतकरी दोनशेहून अधिक वर्षं गुपचूप ख्रिस्ती राहिले. प्रत्येक गावात एक जण पंचांग सांभाळायचा, म्हणजे नाताळ कधी, ईस्टर कधी, उपास कधी हे सांगायचा. एक जण पाणी देणारा असायचा, तो जन्मलेल्या मुलांना बाप्तिस्मा द्यायचा. पापकबुली ऐकायला कोणी नव्हतं म्हणून पूर्वजांनी शिकवलेली पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायची. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांचा प्रभुभोजनाचा विधी, मात्र त्यांनी केला नाही. 1865 च्या मार्चमध्ये नागासाकीतल्या नव्या चर्चमध्ये काही माणसं फ्रेंच धर्मगुरूंजवळ आली आणि त्यांतल्या एका बाईने हळूच सांगितलं की आमचं हृदय तुमच्यासारखंच आहे.

दुसरा कोरिया. तिथली मंडळी कोणा मिशनरीने स्थापलेलीच नाही. विद्वानांचा एक गट चीनमधून आलेली पुस्तकं वाचत होता. त्यांच्यापैकी यी सुंग-हुन 1784 मध्ये बीजिंगला जाऊन बाप्तिस्मा घेऊन परतला आणि त्याने इतरांना बाप्तिस्मा दिला. मग दोनेक वर्षांत त्यांनी नेमकं ल्यूथरच्या वाळवंटातलं केलं. आपल्यातूनच याजक निवडले, मिस्सा सुरू केला, पापकबुली ऐकायला लागले. ल्यूथरचं नाव त्यांच्या कानावरही नसेल. पुढे त्यांच्यातच शंका निघाली की हे आपण करू शकतो का, म्हणून त्यांनी बीजिंगच्या बिशपांना पत्र पाठवून विचारलं. उत्तर आलं: बाप्तिस्मा देत राहा, बाकीचं थांबवा. त्यांनी थांबवलं. 1794 च्या अखेरीस झोउ वेनमो हा त्यांचा पहिला धर्मगुरू, एक चिनी माणूस, लपूनछपून सीमा ओलांडून आला, तेव्हा हजारो ख्रिस्ती त्याची वाट पाहत होते. 1801 च्या छळात तो आणि यी सुंग-हुन दोघेही मारले गेले.

तिसरा श्रीलंकेचा, आणि तो आपल्या गोव्याशी जोडलेला आहे. 1658 पर्यंत डचांनी पोर्तुगीजांना तिथून घालवलं, कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली. सुमारे 30 वर्षं तिथल्या कॅथलिकांना धर्मगुरू मिळाला नाही. गावातले मुखिया आणि प्रार्थना शिकवणारे यांनीच श्रद्धा टिकवली. हे गोव्यात कळल्यावर बाणावलीत जन्मलेले फादर जुझे वाझ 1687 मध्ये वेष बदलून जाफन्याला उतरले. 1711 मध्ये कँडीत त्यांचा मृत्यू झाला. 14 जानेवारी 2015 रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत म्हणून घोषित केलं.

मी प्रोटेस्टंट आहे. कोरियातल्या त्या माणसांनी मांडलेलं मेज देवाने नाकारलं असेल असं मला वाटत नाही. ते थांबले यातही मला त्यांचा कमकुवतपणा दिसत नाही. त्यांना आपण एका मोठ्या मंडळीचा भाग राहावं असं वाटत होतं, आणि त्यासाठी त्यांनी हातातली गोष्ट सोडली. तिन्ही ठिकाणी दीक्षित माणसाशिवाय मंडळी जगली, हे पाळकांनी विसरू नये. तिन्ही ठिकाणी ती धर्मगुरूची वाट पाहत जगली, हे तुम्ही विसरू नये.

आता तुमच्या वसईच्या मित्राबद्दल. त्याच्या मंडळीची शिकवण तो समजतोय त्याहून रुंद आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये मंडळीविषयी जो दस्तऐवज काढला त्याच्या दहाव्या परिच्छेदात सर्व बाप्तिस्मा झालेल्यांचं याजकपण स्पष्ट मांडलं आहे. दीक्षितांचं याजकपण त्याहून वेगळं आहे, आणि ते केवळ प्रमाणात नव्हे तर मुळातच वेगळं आहे, असंही त्यातच म्हटलं आहे. पण दोन्ही एकमेकांसाठी आहेत आणि दोन्ही ख्रिस्ताच्या एकाच याजकपणातून येतात. कॅथलिक नियमानुसारही निकडीच्या वेळी कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, अगदी ख्रिस्ती नसलेला माणूसही, जर मंडळी जे करते तेच करण्याचा त्याचा हेतू असेल तर. लग्नाचा संस्कार रोमन कॅथलिकांत वधूवरच एकमेकांना देतात, धर्मगुरू साक्षीला असतात. मित्र म्हणतो ते मिस्सापुरतं आणि पापक्षमेपुरतं त्याच्या मंडळीचं अधिकृत मत आहे. ते मला मान्य नाही, पण त्यासाठी त्याच्याशी भांडू नका. त्याच्या मते दीक्षेने माणसावर कायमची मुद्रा उमटते. माझ्या मते दीक्षेने माणसावर काम सोपवलं जातं. हा फरक खरा आहे, लपवू नका. जुन्या मंडळीतला बिशप ऑगस्टिन याचं एक वाक्य मात्र दोघांनी मिळून वाचा: तुमच्यासाठी मी बिशप आहे, तुमच्याबरोबर मी ख्रिस्ती आहे. पहिल्याने त्याला भीती वाटते, दुसऱ्याने दिलासा मिळतो, असं तो सांगतो.

आपल्या महाराष्ट्रात या प्रश्नाला जातीची एक जुनी जखम आहे, म्हणून तो जर्मनीतल्यासारखा कोरडा राहत नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला झाला. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं का यावर बिशपांनी आक्षेप घेतला. 1885 मध्ये वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना लिहिलेल्या पत्रात रमाबाई स्पष्ट सांगतात की हिंदुस्थानातल्या पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने मान सोडवून घेतली आहे, आता धर्मगुरू म्हणतील ते देवाची आज्ञा म्हणून स्वीकारून तसंच दुसरं जोखड मी मानेवर घेणार नाही. त्यांनी मंडळी सोडली नाही, पण शरणही गेल्या नाहीत. त्यांना कधी दीक्षा मिळाली नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 च्या जागृतीत ज्या मुली प्रार्थना करत गावोगाव गेल्या त्यांनाही नाही. मूळ भाषांवरून सगळं बायबल मराठीत आणण्याचं काम रमाबाईंनी केलं. याजकपण कशाला म्हणतात हे मला त्यांच्या आयुष्यातून जितकं कळलं तितकं कुठल्या व्याख्यानातून कळलं नाही.

टिळकांचं उदाहरण याच्या शेजारी ठेवावं. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा आणि दीक्षा 1904 ची, अमेरिकन मराठी मिशनमध्ये. 1917 मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांचा बंधुवर्ग. दोनच वर्षांत, 1919 मध्ये, ते गेले. दरबाराबद्दल माझे काही मतभेद आहेत, विशेषतः बाप्तिस्म्याबाबत. पण पगार सोडण्यामागचं त्यांचं दुखणं मला ओळखीचं आहे. मिशनच्या काळात पाळक, मास्तर, बायबल वूमन हे सगळे मिशनचे नोकर होते. त्यांना पैसे परदेशातून येत आणि हिशोबही तिकडेच जात. त्यामुळे मंडळीला सवय लागली की देवाचं काम हे पगारी माणसाचं काम. मिशन गेलं पण सवय राहिली. आजही खेड्यात आजारी माणसाच्या घरी शेजारचा विश्वासणारा जातो, बसतो, चहा घेतो, आणि प्रार्थना न करताच उठतो, कारण “ते पाळकसाहेब करतील.” मला याचं फार वाईट वाटतं.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक गोष्ट सांगतो. पावसाळा होता, ओढ्याला पाणी आलं होतं, मी पलीकडच्या गावी अडकलो होतो. इकडे एका घरी बाळ जन्मलं आणि लगेच अत्यवस्थ झालं. बाळाच्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिने तांब्यातलं पाणी बाळाच्या डोक्यावर घातलं, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने. मी दोन दिवसांनी पोचलो तेव्हा बाळ वाचलं होतं, आणि घरच्यांनी मला सांगितलं, “आता तुम्ही नीट बाप्तिस्मा द्या.” मी नकार दिला. बाप्तिस्मा झाला होता, तो पुन्हा द्यायचा नसतो. पुढच्या रविवारी बाळाला मंडळीसमोर आणून आम्ही देवाचे आभार मानले आणि मी रजिस्टर उघडलं. बाप्तिस्मा देणाऱ्याच्या रकान्यात आजीचं नाव लिहिलं. कमिटीतल्या दोघांनी हरकत घेतली, तिथे पाळकाचंच नाव लागतं म्हणाले. मी ते खोडलं नाही.

मग तुम्ही विचाराल, बाप्तिस्म्याला आजी चालली तर प्रभुभोजनाला आमचे वडील का नाहीत? बाप्तिस्म्यात ते बाळ थांबू शकत नव्हतं. तुम्ही थांबू शकता. निकड ही एक गोष्ट आणि सोय ही दुसरी. ल्यूथरचं वाळवंट निकडीचं होतं, पुणे वाळवंट नाही. आणि प्रभुभोजन हे घरगुती मेज नव्हे. ते सगळ्या मंडळीचं मेज आहे, आज इथे नसलेल्यांचंही. त्या मेजाशी उभा राहणारा माणूस सगळ्यांनी पारखलेला, सगळ्यांना उत्तर देणारा आणि सगळ्यांना काढता येईल असा असावा. ल्यूथरच्या अनुयायांनी आपला विश्वास मांडला त्या 1530 च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबातल्या चौदाव्या कलमात तेच आहे: रीतसर बोलावणं झाल्याखेरीज कोणी जाहीरपणे शिकवू नये किंवा संस्कार करू नयेत. दीक्षा म्हणजे मला एवढंच वाटतं. माझ्यावर हात ठेवले त्या दिवशी माझ्यात काही ओतलं गेलं असेल तर ते देव जाणे. मंडळीने मला सर्वांसमोर नाव घेऊन बांधून घेतलं, हे मात्र मला तिथल्या तिथे जाणवलं.

बांधून न घेतलेला पुढारी कसा होतो ते मी पाहिलं आहे. आम्हाला पाळक नकोत, आम्ही सगळे सारखे, असं म्हणून सुरू झालेल्या सभांमध्ये काही वर्षांत एक माणूस पुढे येतो. त्याला कोणी निवडलेलं नसतं, म्हणून त्याला कोणी काढूही शकत नाही. हिशोब विचारला की वचन पुढे येतं: “माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका.” ते स्तोत्र 105 मधलं आहे आणि तिथे बोलणं अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्याविषयी आहे, परक्या मुलुखात फिरणाऱ्या निराधार कुटुंबाविषयी. आणि योहानाच्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात अभिषेक सगळ्या विश्वासणाऱ्यांना झालेला आहे. हे वचन कोणी तुमच्यावर फेकलं तर त्याला तो अध्याय उघडून दाखवा.

उलट बाजूही सांगायला हवी. ल्यूथरच्या जर्मनीत याजकपण सगळ्यांचं म्हणून बिशप गेले आणि त्यांच्या जागी राजे मंडळीचे कारभारी झाले. ती व्यवस्था 1918 पर्यंत चालली. मंडळीने आपला पाळक आपण निवडावा ही बंड करून उठलेल्या जर्मन शेतकऱ्यांच्या 1525 च्या बारा मागण्यांतली पहिली मागणी होती, आणि ते शेतकरी हजारोंनी मारले गेले. रीतसर बोलावणं हा शब्द राजाच्या हातात गेला की तो सामान्य जनाला गप्प बसवण्यासाठीही वापरला जातो. म्हणून मी पाळकाच्या बाजूने बोलतो तेव्हा मंडळीने निवडलेल्या, मंडळीला उत्तर देणाऱ्या पाळकाच्याच बाजूने बोलतो.

या दोन्ही बाजू एका छपराखाली आणण्याचा एक प्रयत्न आपल्याकडेच, नागपुरात, 29 नोव्हेंबर 1970 रोजी झाला. सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अँग्लिकनांचे बिशप होते. बाप्टिस्ट फक्त विश्वासाने मागणाऱ्यालाच बाप्तिस्मा देणारे. डिसायपल्स ऑफ क्राइस्ट या मंडळीच्या परंपरेत तर मंडळीने निवडलेले वडीलच प्रभूच्या मेजाशी उभे राहत. तुम्ही जे मागताय ते त्यांच्याकडे रीतच होती. कोणाची दीक्षा खरी आणि कोणाची अपुरी हा प्रश्न वर्षानुवर्षं अडला होता. शेवटी निवाडा केला नाही. सगळ्यांवर प्रार्थनापूर्वक हात ठेवले गेले आणि ज्याला ज्याची उणीव असेल ते देवाने द्यावं असं मागितलं गेलं. बिशपांनीही मान खाली घातली. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. आपल्या दीक्षेत काही उणं असू शकतं हे मान्य करूनच ते एकत्र आले.

तुम्ही काय करावं ते सांगतो. पाळकांना आणि कमिटीला लेखी विनंती करा की महिन्यातून एक बुधवार ठरवून द्यावा. त्यांना जमत नसेल तर रविवारच्या मेजावरची भाकर आणि प्याला तुमच्यातल्या नेमलेल्या माणसाने तुमच्या सभेत आणावा, याची परवानगी बिशपांकडे मागा. काही ठिकाणी ती दिली जाते. आणि यापेक्षा जास्त महत्त्वाचं: तुमच्या चौदांतला कोण दीक्षेसाठी पाठवण्यासारखा आहे ते बघा. पाच मंडळ्यांना एक पाळक हे दुखणं बुधवारच्या सभेत सुटणारं नाही, ते अशा सभांतून माणसं पुढे आल्यावर सुटेल. बाकी कशासाठीही वाट पाहू नका. वचन वाचा, समजावून सांगा, एकमेकांजवळ पाप कबूल करा, अर्पण गोळा करून गरजवंताला पोचवा. इब्री लोकांस पत्राचा शेवटचा अध्याय स्तुती आणि परोपकार यांनाच अर्पण म्हणतो. ही वेदी तुमची आहे आणि तिथे उभं राहायला कोणाची परवानगी लागत नाही.

राहता राहिला नर्सबाईंचा प्रश्न. याकोबाच्या पाचव्या अध्यायात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलावावं असं चौदाव्या वचनात आहे, आणि दोनच वचनांनंतर सगळ्यांनीच एकमेकांसाठी प्रार्थना करावी असं आहे. त्या बाईंनी मागितलं ते मागून झालं, देवाने ऐकलं. पाळक आल्यावर पुन्हा तेच मागायला त्यांना त्या घरी नेऊ नका. नेलंच, तर बाईंनाही बरोबर घ्या, आणि निघताना त्यांना सांगा की आता पाळकांच्या डोक्यावर हात ठेवून त्यांच्यासाठी प्रार्थना करा. पाच मंडळ्या सांभाळणारा माणूस थकलेला असतो. माझ्यासाठी अशी प्रार्थना 34 वर्षांत दोनदा झाली. दोन्ही वेळा ती सामान्य सभासद बायकांनीच केली, आणि त्यांपैकी एक ती तांब्यातलं पाणी घालणारी आजी होती.